मावशीच्या केसपेपरवरचे दोन शब्द

मोठी मावशी २००३ साली गेली. तिची पत्र्याची ट्रंक वाईहून आमच्याकडे सांगलीला आली आणि माळ्यावर जाऊन पडली. २०१६च्या दिवाळीत साफसफाई करताना ती मी पहिल्यांदा उघडली. आत दोन नऊवारी लुगडी होती, एक हळदीकुंकवाचा करंडा होता, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक केसपेपर. पुण्यातल्या एका रुग्णालयाचा, डिसेंबर १९७४चा. वय ४७. वजन, नाडी, रक्तदाब, भूक नाही, झोप नाही, ‘रडते, बोलत नाही’. खाली इंग्रजीत निदानाचे दोन शब्द होते : इन्व्होल्युशनल मेलँकोलिया. त्याखाली विजेच्या शॉकच्या सहा तारखा.

घरात मावशीच्या त्या आजाराबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नसे. ‘मावशीचं तेव्हा डोकं फिरलं होतं’ एवढंच आम्हां भावंडांना माहीत. शॉक द्यायला नेण्याआधी तिला दोन ठिकाणी बाहेरची बाधा म्हणून नेलं होतं, हेही पुढे कधीतरी कानावर आलं.

तो कागद वाचला तेव्हा मीही ४७ वर्षांची होते. सहा-सात महिन्यांपासून माझी झोप पहाटे तीनला मोडत होती. जाग यायची तीच छातीत धडधड घेऊन, जणू काही विसरलं आहे आणि त्याची शिक्षा होणार आहे. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर कधी भांडं फेकलं नव्हतं; त्या श्रावणात फेकलं. वर्गात शिकवताना साधा शब्द आठवेना म्हणून डोळ्यांत पाणी यायचं. पाळी मात्र चालू होती, त्यामुळे ‘ती वेळ’ आली असेल असं मनातही आलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्रास व्हायचा तो पाळी गेल्यावर. आता हातात हा कागद होता, आणि मावशीचं रक्त माझ्यातही होतंच.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. वैद्यकाचं शिक्षण मला नाही. पण भीती वाटली की वाचायला बसायचं, ही जुनी खोड. पुढची काही वर्षं जे वाचलं, जे डॉक्टरांना विचारून तपासून घेतलं आणि जे स्वतःच्या शरीरावर अनुभवलं, त्याचा हा हिशेब आहे.

सुरुवात त्या दोन शब्दांपासून करते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९६च्या आवृत्तीत उतारवयातल्या, विशेषतः बायकांच्या, खोल खिन्नतेला हे स्वतंत्र नाव दिलं. ‘इन्व्होल्युशन’ म्हणजे ओसरणं. शरीर ओसरू लागलं की मनही ढासळतं, असा त्यामागचा अर्थ. पुढे क्रेपेलिन स्वतःच या वेगळेपणाबद्दल साशंक झाले, पण नाव रूढ झालं ते झालंच. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत १९६८मध्येही ते होतं. १९७९मध्ये मर्ना वाइसमन यांनी या निदानाला सरळ ‘मिथक’ म्हणणारा लेख लिहिला : या वयातल्या नैराश्याची लक्षणं इतर वयांतल्यापेक्षा काही निराळी नसतात. १९८०च्या यादीतून नाव गेलं. मावशीला ते मिळालं तेव्हा त्याची अखेरची वर्षं चालली होती.

नाव गेलं हे बरंच झालं. पाळी जाणाऱ्या प्रत्येक बाईला वेडाच्या उंबरठ्यावर उभं करणारं नाव होतं ते. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे प्रश्न. पुढची वीसएक वर्षं एकंदर सूर असा होता की पाळी जाण्याचा आणि मनाचा काही खास संबंध नाही. मुलं घराबाहेर पडतात, सासूसासरे आजारी पडतात, नवऱ्याला रक्तदाब होतो, त्यामुळे बायका खचतात. मला भेटलेले पहिले डॉक्टर याच पिढीतले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, “वयानुसार होतं ताई. योगासनं करा, मन रमवा.” मी मन रमवत होतेच. रात्री तीन वाजता ते रमत नव्हतं.

आता मुळात होतं काय ते पाहू. रजोनिवृत्ती म्हणजे शेवटची पाळी, आणि ती शेवटची होती हे कळतं त्यानंतर सलग बारा महिने कोरडे गेल्यावरच. ही एका दिवसाची घटना. तिच्या आधीचा जो काळ, इंग्रजीत ज्याला पेरीमेनोपॉज म्हणतात, तो मात्र सहसा काही वर्षांचा असतो. त्याला आपल्याकडे धड शब्द नाही. मी संक्रमणकाळ म्हणेन. तज्ज्ञांनी २००१मध्ये ठरवलेल्या आणि दहा वर्षांनी सुधारलेल्या टप्प्यांनुसार, लागोपाठच्या दोन चक्रांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वरचेवर पडू लागला की संक्रमण सुरू झालं असं धरतात. दोन पाळ्यांमध्ये साठ किंवा जास्त दिवसांचं अंतर पडू लागलं की ते उत्तरार्धात आलं. मी जुन्या कालनिर्णयांची पानं काढून बघितली. वीस वर्षं २८-२९ दिवसांवर चालणारी बाई २०१५च्या अखेरीपासून २३, ३४, २२, ४१ अशी चालली होती. खुणा मीच केल्या होत्या, पण त्या ओळीने वाचल्या नव्हत्या. संख्याशास्त्राच्या शिक्षिकेला ही गोष्ट फारशी भूषणावह नाही.

पाश्चात्त्य देशांत शेवटच्या पाळीचं सरासरी वय ५१च्या आसपास आहे. भारतातल्या पाहण्यांमध्ये ते ४६-४७च्या घरात येतं. म्हणजे आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीसाव्या वर्षी संक्रमण सुरू झालं तर त्यात नवल नाही. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते आणि पन्नाशीच्या सुमारास जाते असं नोंदलं आहे, आणि तिच्या जाण्याला आजार म्हटलेलं नाही.

माझी सगळ्यांत मोठी चुकीची समजूत होती ती इस्ट्रोजेनबद्दल. मला वाटे, हे संप्रेरक टाकीतल्या पाण्यासारखं हळूहळू कमी होत जातं. संक्रमणकाळात तसं होत नाही. अंडाशयातली बीजं संपत आली की मेंदू त्याला जोरजोरात हाका मारू लागतो. अंडाशय कधी ओ देतं, कधी देत नाही, कधी एकदम भलतंच जोरात देतं. काही महिने इस्ट्रोजेन तरुणपणीपेक्षाही वर चढतं आणि मग कोसळतं. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक बीज सुटलं तरच पुरेसं तयार होतं, त्यामुळे त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर या काळाचं निदान करण्यासाठी रक्ततपासणीचा फारसा उपयोग होत नाही. सोमवारचा आकडा शुक्रवारी खोटा ठरतो. माझ्याकडून दोनदा एफएसएच तपासून घेतलं गेलं. एकदा ‘सगळं नॉर्मल’, एकदा ‘पाळी गेलेली दिसते’. त्यानंतर नऊ दिवसांनी पाळी आली. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासलंच पाहिजे. थकवा, रडू आणि विसराळूपणा तिथूनही येतो आणि त्याचा इलाज वेगळा असतो.

हे संप्रेरक फक्त गर्भाशयासाठी काम करत असतं तर मनाचा प्रश्न आलाच नसता. पण मेंदूत झोप, शरीराचं तापमान, भीती आणि उमेद सांभाळणाऱ्या भागांत इस्ट्रोजेनची दखल घेणारे रेणू आहेत. सेरोटोनिनच्या कारभारात त्याचा हात असतो. तापमानाच्या केंद्राचा तोल गेला की अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते. झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेवर कुठलंही मन टिकत नाही. पण सगळं नैराश्य झोपेतूनच येतं असंही नाही. वाफा अजिबात नसलेल्या बायकाही खचतात.

किती जणी? २००६मध्ये एकाच अंकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. फिलाडेल्फियात एलन फ्रीमन यांच्या गटाने पूर्वी कधीही नैराश्य नसलेल्या २३१ स्त्रियांचा आठ वर्षं पाठपुरावा केला. पाळी नियमित असतानाच्या काळाच्या तुलनेत संक्रमणकाळात त्याच बाईच्या नैराश्यमापनाचे गुण वर जाण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. बॉस्टनमध्ये ली कोहेन यांच्या गटाला असाच धोका सुमारे दुप्पट आढळला. इथे माझा पेशा मला गप्प बसू देत नाही : चौपट म्हणजे सगळ्या नव्हेत. बहुसंख्य बायका हा काळ थोड्या चिडचिडीवर, थोड्या घामावर पार करतात. पण ज्या अडकतात त्यांचं अडकणं खरं असतं. क्रेपेलिन यांचा ‘सगळ्याच’ चूक होता आणि माझ्या पहिल्या डॉक्टरांचा ‘कुणीच नाही’ही चूक होता.

मग कोण अडकतं? मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले पीटर श्मिट आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. खचलेल्या आणि न खचलेल्या बायकांच्या रक्तातली संप्रेरकं मोजली तर फरक सापडत नाही. फरक आहे तो त्या चढउतारांना मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. २०१५मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संक्रमणकाळात नैराश्य येऊन गेलेल्या आणि इस्ट्रोजेनवर बऱ्या झालेल्या स्त्रियांचं इस्ट्रोजेन, त्यांना कळू न देता, काढून घेतलं. त्यांची लक्षणं परतली. तसा इतिहास नसलेल्या स्त्रियांचंही तसंच काढून घेतलं; त्यांना काही झालं नाही. तीच घट, दोन वेगळे मेंदू. बाळंतपणानंतर ज्यांचं मन ढासळलं होतं, पाळीआधीच्या आठवड्यात ज्या दरमहा कोलमडतात, पूर्वी कधी नैराश्य होऊन गेलं आहे, त्यांनी या काळात अधिक सावध राहायचं ते यामुळे. हे वाचताना मला १९९५मधले तीन महिने आठवले. लेक झाली होती, माहेरी होते, आणि रोज संध्याकाळी विनाकारण रडत होते. आई म्हणायची, बाळंतिणीचं असंच असतं. कुणी त्याला नाव दिलं नाही आणि ते आपसूक सरलं, म्हणून ती नोंद माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती.

इलाजाकडे वळण्याआधी त्याची कुप्रसिद्धी सांगायला हवी, कारण ती आजही डॉक्टरच्या खोलीत आपल्या शेजारी येऊन बसते.

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन १९४२मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. प्रेमॅरिन हे नावच इंग्रजीत ‘गाभण घोडीचं मूत्र’ या तीन शब्दांच्या तुकड्यांतून बनलेलं आहे. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक आलं : पाळी जाणं ही कमतरता आहे, बायकोला या गोळ्या द्या, ती कायम तरुण आणि गोड राहील. पुस्तक तुफान खपलं. गोळ्या विकणाऱ्या कंपनीचे पैसे विल्सन यांच्यामागे होते, हे पुढे उघड झालं. १९७५मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अनेक पटींनी वाढतो. खप कोसळला. मग प्रोजेस्टेरॉनसारखं औषध जोडीला दिलं की अस्तर सुरक्षित राहतं हे कळलं आणि खप पुन्हा चढला. आजही नियम तोच : गर्भाशय जागेवर आहे तोवर एकटं इस्ट्रोजेन घ्यायचं नाही.

दुसरा कडेलोट जुलै २००२चा. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड प्रयोगाचा एक भाग मध्येच थांबवण्यात आला. १६,६०८ स्त्रिया, सरासरी ५.२ वर्षं. जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळा गेला : स्तनांच्या कर्करोगात २६ टक्के वाढ. रातोरात लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ‘हार्मोन्स नकोत’ हे वाक्य पाठ केलं.

हा आकडा मी पुढे दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहीत असे. २६ टक्के कशाच्या? औषध न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये एका वर्षात ३० जणींना हा कर्करोग झाला; घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तिसाच्या अडतीस म्हणजे सव्वीस टक्के वाढ, गणित बरोबर आहे. दहा हजारांत आठ जणी जास्त, हेही तितकंच बरोबर आहे. मथळ्यात पहिलंच येतं. दुसरी गोष्ट वयाची. प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. वाफांसाठी किंवा मनासाठी हा प्रयोग नव्हताच, म्हातारपणीचे हृदयविकार टळतात का हे त्यात पाहायचं होतं. (टळले नाहीत.) ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्या १०,७३९ जणींचा वेगळा गट होता, त्यांच्यात स्तनांचा कर्करोग वाढला नाही. अठरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७मध्ये हिशेब मांडला तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांतलं एकूण मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखं निघालं.

मात्र आता काही विद्वान ‘२००२चं सगळं चुकीचं होतं’ असं म्हणू लागले आहेत, तेही मला मान्य नाही. धोका आहे. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या संकलनाप्रमाणे, पन्नाशीपासून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टोजेन घेतलं तर पुढच्या वीस वर्षांत स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण शंभरात ६.३वरून ८.३वर जातं, म्हणजे पन्नास जणींमागे एक जास्त. हे आकडे पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत. आपल्याकडे या रोगाचं मूळ प्रमाण कमी आहे, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण ती पन्नासातली एक कुणीतरी असतेच. निर्णय घेताना तिला डोळ्यांआड करायचं नाही.

मग मनाच्या त्रासाला हे औषध चालतं का? क्लॉडिओ सोअर्स यांनी ब्राझीलमध्ये संक्रमणकाळातल्या, निदान झालेलं नैराश्य असलेल्या पन्नास स्त्रियांना बारा आठवडे इस्ट्रोजेनचा पॅच किंवा तसाच दिसणारा बिनऔषधाचा पॅच लावला. २००१मध्ये निष्कर्ष आले : औषध मिळालेल्यांपैकी ६८ टक्के बऱ्या झाल्या, न मिळालेल्यांपैकी २० टक्के. २०१८मध्ये जेनिफर गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १७२ निरोगी स्त्रियांवर वर्षभर पाहिलं : लक्षणीय नैराश्य औषध घेणाऱ्यांत १७.३ टक्क्यांना आलं, न घेणाऱ्यांत ३२.३ टक्क्यांना. उलट पाळी जाऊन काही वर्षं लोटलेल्या स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात इस्ट्रोजेनचा मनावर काही परिणाम दिसला नाही. म्हणजे ते सरसकट मन उजळवणारं औषध नाही. चढउताराच्या काळात ते हेलकावे थोपवतं. हेलकावे संपले की त्याचं हे काम संपतं. अभ्यास लहान आहेत, म्हणून तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरलेल्या नैराश्यावर पहिला इलाज म्हणून आजही नैराश्यविरोधी गोळ्या आणि समुपदेशनाचीच नावं आहेत. या गोळ्यांपैकी काही, उदाहरणार्थ एस्सिटॅलोप्रॅम किंवा व्हेन्लाफॅक्सिन, वाफाही कमी करतात. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी तर तो मोठाच आधार आहे. मरणाचे विचार येत असतील तर जेल की गोळी या चर्चेत दिवस घालवायचे नाहीत, थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं.

मला तिसऱ्या डॉक्टर भेटल्या २०१७च्या मार्चमध्ये. (दुसऱ्यांकडे गेले होते त्या रुग्णालयात मला सुचवलं गेलं होतं की एवढा त्रास आहे तर पिशवीच काढून टाका, विषय संपेल. त्याबद्दल पुढे बोलते.) या बाईंनी चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. छातीत गाठ? घरात कुणाला स्तनांचा कर्करोग? पायाच्या शिरेत कधी रक्त गोठलं होतं? पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार? अवेळी रक्तस्राव? यातलं काही असतं तर त्यांनी इस्ट्रोजेन दिलं नसतं. बाळंतपणानंतर मन कसं होतं, हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी मावशीचा केसपेपर पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “शॉकने त्या बऱ्या झाल्या असणार. तीव्र नैराश्यात तो आजही चांगला इलाज आहे, त्याला घाबरू नका. तुमचं प्रकरण तिथपर्यंत गेलेलं नाही.”

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाल्यावर त्यांनी इस्ट्रॅडायॉलची जेल दिली, रोज सकाळी दंडावर चोळायची. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून रक्तात मिसळतं, त्यामुळे गोळीच्या मानाने रक्त गोठण्याचा धोका कमी, असं आजवरच्या निरीक्षणांत दिसतं. जोडीला महिन्यातले बारा दिवस रात्री प्रोजेस्टेरॉन. आणि एक सूचना, जी ऐकून मी अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर लाजले : ही गर्भनिरोधक नाही, त्याची वेगळी काळजी घ्या.

तिसऱ्या आठवड्यात मी एक रात्र सलग झोपले. दीड महिन्याने नवरा म्हणाला, “तू हल्ली दार नीट लावतेस.” मला कळेना काय म्हणतोय, मग लक्षात आलं, वर्षभर मी दारं आपटत होते. पण प्रोजेस्टेरॉनचे बारा दिवस आले की पुन्हा तेच मळभ. हेही अनेकींना होतं. प्रोजेस्टेरॉनचं मेंदूत जे रूपांतर होतं त्याने बहुतेकींना गुंगी येते, शांत वाटतं. काहींना मात्र उलट चिडचिड होते. प्रोजेस्टेरॉन बंद करता येत नाही, कारण गर्भाशयाचं रक्षण तेच करतं. दोनदा बदल करून, मात्रा आणि द्यायची पद्धत फिरवून, तिसऱ्या खेपेला जमलं. समुपदेशकाकडेही चार महिने गेले, कारण सासऱ्यांचं आजारपण आणि माझी बढती अडली होती ते काही संप्रेरकांमुळे नव्हतं. झोपेसाठीचे वर्तनोपचार मला अनपेक्षितपणे उपयोगी पडले. शतावरी, सोयाबीन, जवस हे सगळंही करून झालं. अपाय झाला नाही.

पिशवीबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याची बातमी २०१९मध्ये गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा होऊ नये, दंड भरावा लागू नये, म्हणून. ती चर्चा मजुरी आणि लुबाडणुकीभोवती फिरली, तशी ती फिरायलाच हवी होती. पण शस्त्रक्रियेनंतर त्या बायकांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मागे राहिला. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर संक्रमणकाळ उरतच नाही. कडेलोट एका दिवसात होतो. अशा तरुण स्त्रीला, काही मनाई नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं यावर आज जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, हाडांसाठी, हृदयासाठी आणि मनासाठी. माझ्या एका चुलत बहिणीचं सगळं ३८व्या वर्षी काढलं. घरी जाताना तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वजन उचलू नका म्हणून सांगितलं. पुढची सहा वर्षं ती ‘अंगात आग आणि डोक्यात अंधार’ म्हणत फिरली. कुणी त्याचा त्या शस्त्रक्रियेशी संबंध जोडला नाही, मीही नाही.

समाजाचा वाटा या सगळ्यात किती, हा प्रश्न मला सुटलेला नाही. १९७५मध्ये मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत स्त्रियांबद्दल लिहिलं की पाळीतल्या बदलांखेरीज त्या फारसा त्रास सांगतच नाहीत. त्यांचं स्पष्टीकरण असं की पाळी गेल्यावर त्या स्त्रियांचा पडदा सुटतो, पुरुषांत बसण्याबोलण्याची मोकळीक मिळते. मार्गारेट लॉक यांनी जपानमध्ये पाहिलं तर तिथल्या बायका वाफांपेक्षा खांदे आखडल्याची तक्रार जास्त करत. आपल्याकडेही ऋषिपंचमीचं उद्यापन झालेल्या आजीचा घरातला मान वेगळा असे. पण सांगत नाहीत म्हणजे होत नाही, असं मी म्हणणार नाही. मावशीही सांगत नव्हती.

मी जेल सुमारे पाच वर्षं लावली, दरवर्षी तपासण्या करून. २०२२च्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत थांबवली. थोड्या वाफा परत आल्या, मळभ आलं नाही. आणखी काही वर्षं चालू ठेवणाऱ्या मैत्रिणी आहेत, पहिल्या महिन्यात सोडून देणाऱ्या आहेत, आणि मुळात न लागणाऱ्या तर कितीतरी.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा केसपेपर पुन्हा काढला. या खेपेला एक गोष्ट दिसली. छापील रकान्यांत ‘मासिक पाळी’ असा एक रकाना आहे, आणि तो कोरा आहे. ओसरण्याचं निदान केलं, पण काय ओसरतंय ते विचारलं नाही. मी तो कागद घेऊन आईकडे गेले. आई आता ८६ वर्षांची आहे. म्हटलं, “तेव्हा मावशीची पाळी चालू होती का गं?”

“ते कुणी विचारायचं?” आई म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून बोलू लागली. त्या वर्षी गौरीच्या सुमाराला मावशीची बाहेर बसायची पाळी येणार म्हणून स्वयंपाकाला आईला वाईला बोलावून घेतलं होतं. मावशी बसलीच नाही. आई तशीच परत आली. नवरात्रातही नाही. सगळ्यांना वाटलं, गेली एकदाची. आणि नरकचतुर्दशीला, फराळाचं सगळं मांडलेलं असताना, पहाटे तिला कावळा शिवला. तिच्या सासूने केवढा आरडाओरडा केला होता. दिवाळी झाल्यावर ती जेवायची बंद झाली.

मी बोटांवर मोजलं. श्रावणाच्या शेवटापासून नरकचतुर्दशीपर्यंत साठ दिवसांहून पुष्कळ जास्त झाले. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, शिवाशिवीमुळे.